बेअरिंगवरचा आकडा आणि दुरुस्तीचा हिशेब

कपडे पिळताना वॉशिंग मशीन घरघरू लागते आणि मेकॅनिक सांगतो, "बेअरिंग गेलंय." ते बेअरिंग बाहेर काढून, ग्रीस पुसून उजेडात धरले तर पोलादी कड्याच्या कडेवर बारीक आकडा दिसतो. समजा, तो आहे ६२०५. यातला ६ सांगतो की हे गोळ्यांच्या एका रांगेचे, खोल खाचेचे बेअरिंग आहे. २ ही मापांची मालिका. शेवटच्या ०५ ला पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो : २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. मशीन कोरियन असो की जर्मन, बेअरिंग कोणत्याही कारखान्यातले असो, ६२०५ ची मापे जगभर हीच. म्हणून भोसरीच्या दुकानात हा आकडा सांगितला की दुकानदार मशीनच्या कंपनीचे नावही विचारत नाही.

अशी बेअरिंग्ज आपल्या अगदी शेजारी बनतात. एसकेएफ या बेअरिंग कंपनीचा कारखाना १९६० च्या दशकापासून चिंचवडमध्ये आहे. घरातले एखादे यंत्र दुरुस्त करावे की नवे घ्यावे, या प्रश्नाचे सर्वात सुंदर उत्तर या छोट्या कड्याच्या इतिहासात दडलेले आहे. तो इतिहास सुरू होतो एका वैतागलेल्या मेंटेनन्स इंजिनिअरपासून.

स्वेन विंगक्विस्ट हा स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या कापड गिरणीत यंत्रांची देखभाल बघायचा. गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर उभी होती. जमीन हलायची, छताजवळून जाणारे लांबलचक शाफ्ट रेषेतून सरकायचे आणि बेअरिंग्ज एकामागून एक फुटायची. बदललेले बेअरिंगही पुन्हा जायचे, कारण मूळ दुखणे बेअरिंगमध्ये नव्हतेच. विंगक्विस्टने ते ओळखले आणि शाफ्ट थोडा तिरका झाला तरी स्वतःला सावरून घेणारे बेअरिंग तयार केले. त्यातूनच १९०७ मध्ये एसकेएफची स्थापना झाली. काय मोडले, याच्या पुढे जाऊन ते का मोडले, हे एका माणसाने विचारले आणि त्यातून जगातला एक मोठा उद्योग उभा राहिला.

पुढचे पाऊल आणखी विलक्षण आहे. तंतोतंत सारखी शंभर बेअरिंग्ज, सारख्या भाराखाली, सारख्या वेगाने फिरवली तरी ती एकाच वेळी निकामी होत नाहीत. काही लवकर जातात, काही पहिल्यांच्या वीस-वीस पट टिकतात. या विस्कळीत दिसणाऱ्या आकड्यांमागे एक सूत्र आहे, असे वालोदी वायबुल या स्वीडिश अभियंत्याने दाखवले. १९५१ च्या त्याच्या गाजलेल्या निबंधातली उदाहरणे पाहून थक्क व्हायला होते. पोलादाची ताकद, घेवड्याच्या दाण्यांची रुंदी, माणसांची उंची आणि भारतीय कापसाच्या तंतूची बळकटी, या सगळ्यांना एकच सूत्र लागू पडले होते.

या सूत्रातला एक अंक आपल्या कामाचा आहे. तो एकपेक्षा कमी आला तर वस्तू नवी असतानाच बिघडण्याचा धोका जास्त, म्हणजे दोष बनावटीतला. बरोबर एक आला तर बिघाड निव्वळ योगायोगाचा. वस्तू जुनी की नवी, याने काही फरक पडत नाही. एकच्या बराच वर गेला तर वस्तू खरोखर झिजते, म्हातारी होते. स्वच्छ ग्रीसमध्ये फिरणाऱ्या बॉल बेअरिंगसाठी हा अंक येतो सुमारे १.१. याचा अर्थ असा की दहापट वयाच्या बेअरिंगला त्या क्षणी असलेला धोका नव्या बेअरिंगच्या सव्वापटीहून थोडासाच जास्त असतो. कंपनी जे आयुष्य जाहीर करते ते शंभरातली नव्वद बेअरिंग्ज पार करतात आणि निम्मी त्याच्या पाचपटीहून अधिक चालतात. तेव्हा चांगले चालणारे यंत्र केवळ दहा वर्षांचे झाले म्हणून काढून टाकणे, याला गणिताचा आधार नाही.

मग वॉशिंग मशीनचे बेअरिंग जाते कशाने? एक कारण भार. बेअरिंगवरचा भार सव्वापट झाला की त्याचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते, कारण भाराचा परिणाम घनाच्या पटीत होतो. हा भार येतो कुठून, तेही पाहू. २४ सेंटिमीटर त्रिज्येचा ड्रम मिनिटाला १००० फेरे घेतो तेव्हा त्याच्या भिंतीवरच्या कपड्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २६८ पट जोर लागतो. पाव किलो ओला कपडा एका बाजूला गोळा झाला तर तो ड्रमला ६७ किलो वजनाइतका हिसका देतो, सेकंदाला जवळजवळ सतरा वेळा! मोठी चादर एकटीच पिळायला टाकू नये, ते याचसाठी.

पण बहुतेक घरांत गुन्हेगार वेगळाच निघतो. बेअरिंगच्या पुढे ऑइल सील नावाचे रबरी कडे असते. त्याची ओठासारखी कड झिजली की साबणाचे पाणी आत झिरपते, ग्रीस धुऊन जाते आणि गोळ्या गंजतात. बेअरिंग बदलले आणि जुने सील तसेच ठेवले, तर गोथेनबर्गच्या गिरणीसारखे तेच दुखणे पुन्हा येते. सील आणि बेअरिंगला मिळून खर्च थोडा असतो. खरी मजुरी ड्रम उघडण्याची. काही मॉडेल्समध्ये ड्रमभोवतीचा टब स्क्रूंनी जोडलेला असतो, काहींत कायमचा चिकटवलेला. चिकटवलेला असेल तर स्वस्तातल्या बेअरिंगपायी अख्खा टब बदलावा लागतो. म्हणजे दुरुस्ती परवडणार की नाही, हे मशीन विकत घेण्याच्या दिवशीच ठरलेले असते. दुकानात रंग आणि प्रोग्रॅम बघताना 'टब उघडतो का?' हेही विचारून घ्यावे.

हाच विचार घरातल्या इतर यंत्रांना लावून बघू.

फ्रिजमागून 'टक्' आवाज येतो, काही सेकंद गुणगुण होते, पुन्हा 'टक्' आणि शांतता. याचा अर्थ कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतोय, पण त्याला जमत नाही आणि ओव्हरलोड प्रोटेक्टर त्याला बंद करतोय. अनेकदा दोष बाहेर बसवलेल्या रिलेत असतो आणि तो सुटा बदलता येतो. सीलबंद कॉम्प्रेसरच जळाला असेल तर हिशेब बदलतो, कारण मग नवा कॉम्प्रेसर, व्हॅक्यूम आणि गॅस असा तिहेरी खर्च येतो. फ्रिज जुना असेल तर तेवढ्यात नव्याचा विचार करणे शहाणपणाचे. कॉम्प्रेसरमधल्या मोटारीच्या वाइंडिंगचे तापमान १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. त्यामुळे फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नये. हवेला मिळालेली चार बोटे जागाही कॉम्प्रेसरला वर्षे मिळवून देते.

मोशी, चिखली, चाकणच्या अनेक सोसायट्यांत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते. असे जड पाणी गिझरच्या एलिमेंटवर क्षारांचा थर चढवते. टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती बहुतेकांनी कधी पाहिलेली नसते. पाण्याचा गंजवणारा मारा ती आधी स्वतःवर घेते आणि पोलादी टाकी वाचवते. ही कांडी संपली की टाकीची पाळी. एलिमेंट, थर्मोस्टॅट, कांडी बदलता येतात. टाकी गळू लागली की गिझर बदलावा. दर एक-दोन वर्षांनी कांडी तपासून घेतली तर ती वेळ खूप लांबते.

पंख्याचा निकाल मात्र उलटा लागतो. पंखा हळू झाला तर बहुधा आतला २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशक्त झालेला असतो. तो थोडक्या पैशात बदलून मिळतो आणि पंखा पुन्हा जोरात फिरतो. तरीही दिवसभर चालणारा पंखा चांगला असतानाही बदलावा, असे गणित सांगते. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा सुमारे ३०. रोज १२ तास, वर्षातले ३०० दिवस धरले तर १६२ युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तर १,६२० रुपये, म्हणजे नव्या पंख्याची किंमत साधारण दोन वर्षांत वसूल. काढलेला पंखा पाहुण्यांच्या खोलीत लावावा. तिथे तो क्वचितच फिरतो, म्हणून तिथे कपॅसिटरची दुरुस्तीच योग्य.

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या शॉप फ्लोअरवर हा विचार रोज चालतो. मशीन बंद पडले की मेंटेनन्सची माणसे 'व्हाय-व्हाय' करतात : बेअरिंग का गेले? पाणी शिरले. पाणी का शिरले? सील झिजले. सील का झिजले? मूळ कारण सापडेपर्यंत प्रश्न थांबत नाहीत. इतके शहाणपण ज्या पट्ट्यात आहे, तिथल्या घरांत मात्र पहिला प्रश्न असतो, "किती वर्षं झाली मशीनला?" केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले, दुरुस्तीची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचावी म्हणून. पण हक्क वापरायचा तर आधी प्रश्न नीट विचारायला हवा.

तेव्हा यंत्र बिघडले की मेकॅनिकला तीन गोष्टी विचारा. नेमका कोणता भाग गेला? तो कशामुळे गेला, आणि ते कारण दूर होतेय का? हे यंत्र रोज किती तास चालते आणि किती वीज खाते? भाग सुटा मिळत असेल आणि कारण दूर होत असेल तर वयाकडे न बघता दुरुस्त करा. टाकी किंवा कॉम्प्रेसरसारखे काळीजच गेले असेल, किंवा विजेची बचत नव्याची किंमत दोन-तीन वर्षांत फेडत असेल, तर बदला. आणि काढलेला भाग मेकॅनिककडून मागून घ्या, मुलांच्या हातात द्या, त्यावरचा आकडा वाचायला शिकवा.