गुलामांच्या आत्मकथा आणि आपण



मी पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा आजचा विषय मला जसा समजला तसाच मांडतो.

अमेरिकेत 1865 साली घटनेत तेरावी दुरुस्ती झाली आणि गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून, पळून आलेले किंवा सुटलेले गुलाम आपली हकिकत स्वतः सांगू लागले होते. ओलाउडा इक्वियानोचे पुस्तक 1789 साली लंडनला निघाले. फ्रेडरिक डग्लसचे 1845 साली आले. सॉलोमन नॉर्थप हा तर न्यूयॉर्क प्रांतातला स्वतंत्र माणूस. त्याला 1841 साली फसवून पळवले आणि विकले. बारा वर्षांनी तो सुटला आणि त्याच वर्षी, 1853 साली, त्याची कहाणी छापली गेली.

या पुस्तकांना एक ठरीव घडण आहे. आरंभी जन्म येतो, पण बहुधा जन्मतारीख नसते. मग मालक, फटके, आईची ताटातूट. मग अक्षरओळख, तीही चोरून. मग पलायन, आणि शेवटी पुष्कळदा नवे नाव. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा एक ओळ असते : हे त्याने स्वतः लिहिले आहे. एवढे सांगण्याचे कारण काय? कारण मळेवाल्यांचा पक्ष म्हणे की, गुलामाला लिहिता येणेच शक्य नाही, हे कोणा गोऱ्या पुढाऱ्याने रचले आहे. म्हणून पुस्तकाच्या आरंभी गोऱ्या सद्गृहस्थांची पत्रे जोडावी लागत. माणसाने आपलेच दुःख सांगायचे आणि दुसऱ्याने त्यावर साक्षीची सही करायची!

डग्लसने मालकाचे नाव आणि गावही उघड लिहिले, कारण त्याशिवाय कोणी विश्वास ठेवीना. पण कायद्याने तो अजून मालकाची मालमत्ता होता. पकडला जाण्याचे भय म्हणून तो समुद्रापार ब्रिटनला गेला, आणि 1846 साली तिकडच्या मित्रांनी पैसे भरून त्याची सुटका केली. एक गोष्ट मात्र त्याने त्या पुस्तकात लिहिली नाही, ती म्हणजे आपण कोणत्या वाटेने पळालो. ती वाट मागून येणाऱ्यांसाठी मोकळी राहावी, एवढाच त्याचा हेतू. काय सांगावे आणि काय राखून ठेवावे, हे तो चळवळीत शिकला होता.

हॅरिएट जेकब्स ही बाई आजीच्या घराच्या माळ्यावर, उभे राहता येणार नाही अशा जागेत, सात वर्षांच्या आसपास लपून होती. तिने 1861 साली टोपणनावाने पुस्तक काढले. पुढे कित्येक वर्षे विद्वान त्याला कादंबरी समजत. 1980 नंतरच्या दशकात जुन्या पत्रांचा पुरावा पुढे आला, तेव्हा बाईचे खरेपण जगाने मान्य केले.

आता आपल्याकडे या. जोतिराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून त्यांनी दोन्ही दुःखांचे नाते ओळखले. पण ‘गुलामगिरी’ हा संवाद आहे, आत्मकथा नव्हे. त्याच्याही आधी, 1855 साली, त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांग मुलीचा आपल्या लोकांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला होता. आपल्याकडचा पहिला धागा तो.

पुढे पुष्कळ काळ गेला. 1978 साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, आणि मग ओघच सुरू झाला : लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ 1980 साली, शरणकुमार लिंबाळ्यांचे ‘अक्करमाशी’ 1984 साली. फलटणच्या बेबीताई कांबळ्यांनी आपले लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने 1986 साली निघाले.

दोहोंत फरक आहे, तो विसरू नये. तिकडे माणूस बाजारात विकला जाई, आणि पळून उत्तरेला गेला की निदान वाट तरी होती. इकडे कोणी विकत घेत नसे, जन्मच बांधून टाकी. गाव सोडून मुंबईला गेले तरी जात बरोबर येई. म्हणून आपल्या आत्मकथांत पलायनाने गोष्ट संपत नाही.

हे सारे मला पुस्तकांतून कळले, पण पटले ते आंदर मावळातल्या एका माणसामुळे. भात कापून झाले की आपल्याकडची कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. असा एक म्हातारा माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मी झोकात अर्ज लिहिला : शोषण, पिळवणूक, अमानुष वागणूक. वाचून दाखवला. तो म्हणाला, “दादा, ह्ये समदं खरं हाय, पन ह्यात मी कुठं हाय?”

मी कागद फाडला आणि म्हटले, “बाबा, तुम्ही सांगा, मी लिहितो.” सुनेच्या बाळंतपणाला घेतलेली उचल, वर्षाकाठी न फिटता वाढत गेलेली बाकी, सारे त्याच्या शब्दांत उतरले. कचेरीत साहेबांनी विचारले, तारीख काय? म्हातारा म्हणाला, भात झोडून झाल्यावर. साहेब हसले. डग्लसनेही लिहून ठेवले आहे की, गुलामाला आपला जन्म पेरणी-कापणीच्या हंगामापलीकडे सांगता येत नसे. कॅलेंडर ज्याच्या घरी नाही, त्याची साक्ष खोटी ठरत नाही. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानेही ते ओळखले आहे : कर्ज वेठीचे आहे असे मजुराने म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर आहे.

अमेरिकेत 1936 ते 1938 या काळात सरकारने वृद्ध झालेल्या दोन हजारांहून अधिक माजी गुलामांच्या मुलाखती लिहून घेतल्या. विचारणारे बहुतेक गोरे होते, म्हणून सांगणारे जपून बोलले. ऐकणारा कसा आहे, यावर सांगणाऱ्याचे सत्य किती बाहेर येते ते ठरते.

ही पुस्तके वाचनालयातून जरूर घ्या. पण उद्या तुमच्या दारी कोणी आपली हकिकत घेऊन आला, तर त्याची भाषा सुधारायला जाऊ नका. आधी पुरते ऐका. सही त्याची त्याला करू द्या. अंगठा असेल तर अंगठा.