नियमपुस्तिका आणि वैमानिकाचे तारतम्य

हेलिकॉप्टर चालवताना वैमानिकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असतात. डाव्या हातात यंत्र वर-खाली नेणारा 'कलेक्टिव्ह' हा दांडा, उजव्या हातात दिशा व झुकाव सांभाळणारा 'सायक्लिक' आणि पायांखाली शेपटीकडील पंख्याचे पेडल. अशा वेळी आणीबाणी उद्भवली, तर पुस्तिकेचे पान उलटायला हात मोकळा कुठला? नियम आणि तारतम्य यांचा मेळ हा म्हणूनच या व्यवसायात जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

एकच इंजिन असलेल्या हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडले, तर कलेक्टिव्ह तत्क्षणी खाली घ्यावा लागतो. मग खालून येणाऱ्या हवेच्या झोतावर पाती फिरत राहतात आणि हेलिकॉप्टर नियंत्रित वेगाने उतरू शकते. या क्रियेला 'ऑटोरोटेशन' म्हणतात. हलक्या हेलिकॉप्टरमध्ये त्यासाठी जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात. त्यामुळे ही कृती वाचून नव्हे, तर सवयीनेच व्हावी लागते. उतरायचे शेतात की रस्त्यावर, हे मात्र कोणतीही पुस्तिका सांगू शकत नाही.

इतर बिघाडांसाठी पुस्तिकांमध्ये साधारणतः तीन पायऱ्या असतात : 'तात्काळ उतरा', 'शक्य तितक्या लवकर उतरा' आणि 'सोयीचे होईल तेव्हा उतरा'. पहिल्या आदेशाचा अर्थ कठोर आहे. खाली समुद्र असला, तरी उतरायचेच.

२००९ मधील दोन अपघात या प्रश्नाच्या दोन बाजू दाखवतात. १२ मार्च २००९ रोजी कॅनडातील सेंट जॉन्स येथून समुद्रातील तेलक्षेत्राकडे निघालेल्या सिकोर्स्की एस-९२ हेलिकॉप्टरच्या मुख्य गिअरबॉक्समधील तेलाचा दाब नाहीसा झाला. तेलाचा दाब इतका घसरल्यास तात्काळ उतरावे, असे पुस्तिका सांगत होती. तेल गेले तर तापमान वाढलेले दिसेल, ही वैमानिकांची अपेक्षा होती. तसे दिसले नाही. खाली बर्फगार अटलांटिक होता. ते सुमारे ८०० फुटांपर्यंत खाली आले आणि तिथून किनाऱ्याकडे जात राहिले. गिअरबॉक्सने वाटेतच दगा दिला. १८ पैकी १७ जण मृत्युमुखी पडले.

त्याच वर्षी २ सप्टेंबरला आंध्र प्रदेशचे तत्कालीन मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे बेल ४३० हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला. इथेही तेलाच्या दाबाचाच इशारा मिळाला होता. मात्र चौकशी अहवालानुसार, दोन्ही वैमानिक पुस्तिकेतील योग्य कार्यपद्धती शोधण्यात गुंतले आणि समोरच्या हवामानाकडे त्यांचे दुर्लक्ष झाले. हेलिकॉप्टर कोसळले ते हवेच्या तीव्र अधोमुखी प्रवाहात सापडून.

एका ठिकाणी पुस्तिकेचा आदेश मागे पडला, तर दुसऱ्या ठिकाणी पुस्तिकेच्या शोधात उड्डाणच मागे पडले. दोन्हीतून धडा एकच निघतो. मर्यादा जमिनीवर, शांत डोक्याने ठरवलेल्या असतात, कारण संकटात माणसाचे मन आपल्याला हवा तोच अर्थ काढते. पण पुस्तिकेला समोरचा ढग दिसत नाही. तो वैमानिकालाच दिसतो.

नियमांनाही याची जाणीव आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या हवाई नियमांनुसार सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक असेल तेव्हा मुख्य वैमानिकाला नियमांपासून फारकत घेता येते. ही मुभा सोयीसाठी नाही. पोहोचण्याची घाई किंवा महत्त्वाच्या प्रवाशाचा आग्रह तिच्यात बसत नाही.

म्हणूनच प्रशिक्षणात क्रम ठरलेला असतो : आधी हेलिकॉप्टर सांभाळा, मग मार्ग पाहा, त्यानंतर संदेश द्या. दोन वैमानिक असतील, तर एकाने केवळ उडवायचे आणि दुसऱ्याने पुस्तिका वाचायची. सिम्युलेटरमध्ये याच प्रसंगांचा सराव वारंवार करून घेतला जातो. खरे तारतम्य नियम धुडकावण्यात नसते. कोणता नियम प्रश्न न विचारता पाळायचा आणि कुठे स्वतःच्या डोळ्यांवर विसंबायचे, हे उड्डाणाआधीच मनाशी पक्के असण्यात ते असते.