सुगरणीचं घरटं बांधतो नर!

अंकुशनगरला उसाच्या फडाशेजारी, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकलेली दिसली. सोबतच्या पोराने विचारलं, "काका, यातली काही अर्धवटच का सोडलीत?"

याचं उत्तर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींनी शोधलं, तेही आपल्या महाराष्ट्रात. १९३० साली त्यांच्या हाती नोकरी नव्हती, मुक्काम अलिबागजवळच्या किहीमला. तिथे पावसाळ्यात त्यांनी सुगरणींच्या वसाहतीचं बारकाईने निरीक्षण केलं आणि १९३१ मध्ये ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं.

गंमत अशी, की विणकाम नर करतो. गवताच्या, उसाच्या पात्यांच्या धांदोट्या काढून शिरस्त्राणाच्या आकारापर्यंत घरटं आणतो आणि थांबतो. मग माद्या पाहणी करतात. एखादीला पसंत पडलं, तरच तो खालची लांब नळी विणून काम पुरं करतो. तिने अंडी घातली की पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला मोकळा! नापसंत घरटी तशीच लोंबकळत राहतात.

विहिरीवरची काटेरी बाभूळ साप, मांजरांना अवघड जाते. म्हणून बांध साफ करताना ती तोडू नका, निदान पावसाळ्यात तरी.

तुमच्या शिवारात घरटी आहेत का? फोटो टाका, काही शंका असतील तर विचारा.