८०० भूमिका आणि १६ पानं

गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांच्या परिचयात दोन आकडे सगळीकडे छापून आले : पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर ५००० हून अधिक प्रयोग आणि ८०० भूमिका. पहिल्या आकड्यातून कष्ट दिसतात. धानाची कापणी आटोपली की मंडई या जत्रेच्या निमित्ताने गावोगावी नाटक लागतं, रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं. पण विचारात पाडतो तो दुसरा आकडा. एकाच माणसाने ८०० वेळा दुसऱ्याचं बोलणं, चालणं, राग, लाचारी अंगावर घ्यायची आणि सकाळी रंग पुसून घरात आपल्याच नावाने वावरायचं. टॅरोच्या पत्त्यांमधली राजा-राणीची पानं घेऊन स्वतःकडे आणि घराकडे पाहण्याची जी रीत आता शहरांत रुळते आहे, तिची किंमत या ८०० च्या आकड्यापाशी उभं राहिलं की कळते. भविष्य सांगायला ही पानं कुचकामी आहेत. ती हातात भूमिका देतात, एवढंच त्यांचं बळ.

टॅरोच्या जोडात ७८ पानं. त्यांतली १६ दरबारी माणसांची : प्याले, तलवारी, काठ्या आणि नाणी या चार रंगांत प्रत्येकी हुजऱ्या, स्वार, राणी आणि राजा. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ही पानं निव्वळ खेळायला होती. भविष्याचा धंदा त्यांना अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिकटला. आज सर्वाधिक वापरात असलेला जोड १९०९ साली लंडनमध्ये निघाला. गूढविद्येचे अभ्यासक आर्थर वेट यांच्यासाठी तो चितारला पामेला कोलमन स्मिथ यांनी, आणि त्या नाटकवाल्यांत वावरलेल्या होत्या. लंडनच्या लायसियम थिएटरच्या मंडळींबरोबर त्या दौऱ्यावर गेल्या होत्या. पानांत हे दिसतं. नाण्यांचा स्वार पाहा. बाकी तिघांचे घोडे चालतात किंवा उधळतात, याचा काळा घोडा जागचा हलत नाही, आणि मागे नांगरलेलं शेत पसरलेलं आहे. प्याल्यांच्या राजाचं दगडी सिंहासन खवळलेल्या समुद्रात आहे, पण त्याच्या चेहऱ्यावर लाटेचा मागमूस नाही. असे बाप घरोघरी असतात.

या पानांनी स्वतःकडे पाहण्याचं काम साधं आहे. १६ पानं न पिसता उघडी मांडायची. मागे आपण घरात कोण होतो, ते एक पान उचलायचं. आज कोण आहोत, ते दुसरं. घराला आत्ता कोण हवं आहे, ते तिसरं. उचलायला वेळ लागत नाही. कारण सांगताना माणूस अडतो, आणि सगळा उपयोग त्या अडण्यात आहे. समजा, बाप गेला आणि शेती थोरल्याच्या अंगावर आली. तो नाण्यांचा राजा उचलेल, कारण सातबारा आता त्याच्या नावावर चढायचा आहे. कारणं सांगू लागला की त्यालाच दिसेल, आपण वागतो त्या थांबलेल्या स्वारासारखे : धाकट्याला नागपूरला जाऊ देत नाही आणि स्वतःही काही नवं करत नाही. ‘मी हट्टी आहे’ हे कबूल करणं जड जातं. ‘माझा घोडा उभा आहे’ हे त्यामानाने म्हणता येतं. शिवाय हुजऱ्या ते राजा ही वाट नेहमी वरच जाते असंही नाही. सत्तरीची आजी नातवाकडून मोबाईल शिकताना हुजऱ्या होते, त्यात तिचं काही कमी होत नाही.

या रीतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप खुण्यांच्या गडचिरोलीतूनच येतो. या जिल्ह्यात जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झाली आहे, जीव गेले आहेत. आजारपण आलं की पुजाऱ्याला विचारायचं, करणी कुणाची. तो नाव घेतो, आणि ते पुष्कळदा भावकीतलं किंवा शेजारचंच असतं. राज्याला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो अशाच प्रकारांपायी. अशा मुलुखात पत्त्यांतून माणूस ओळखायला शिकवणं म्हणजे नवा पुजारी आणणंच नव्हे काय? आक्षेप बरोबर आहे, आणि टॅरोच्या जुन्या रीतीला तो पुरता लागू पडतो. तिथे चित्राचं पान म्हणजे बाहेरची व्यक्ती, केसांच्या आणि कांतीच्या रंगावरून ओळखायची. तलवारीची राणी निघाली आणि सुनेने ती सासू ठरवली, की पत्ते आणि पुजारी यांत फरक उरत नाही. म्हणून नियम कडकच हवा : पान स्वतःसाठी उचलायचं, दुसऱ्याच्या अंगावर टाकायचं नाही. नट खलनायक स्वतः होतो. प्रेक्षकांत बोट दाखवून ‘हाच तो’ म्हणत नाही. तलवारीची राणी सुनेने स्वतः व्हावं. त्या राणीच्या एका हातात उभी तलवार आहे, दुसरा पुढे केलेला. तो हात थांबवतो आहे की बोलावतो आहे, हे मग तिलाच ठरवावं लागेल.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. सिंहासनं, चिलखतं, गोरे चेहरे. यांत कुरखेड्याच्या घराने स्वतःला शोधायचं कुठे? इथल्या गोंडांमध्ये चार, पाच, सहा, सात देवांची घरं आहेत; सारख्या देवांचे ते भाऊ, सोयरीक त्याबाहेर. नातं कुणाशी कोणतं, हे ती व्यवस्था चोख सांगते. त्या नात्यात मी आज कसा वागतो आहे, हा प्रश्न वेगळा, आणि पानं तेवढाच विचारतात. मला खटकते ती त्यांची संख्या. सोळांत पैसे पाठवणारी मुलगी नाही, घरजावई नाही, १९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी असूनही पिऊन येणारा बाप नाही. ८०० भूमिका एका नटाच्या वाट्याला येतात त्या मुलुखात १६ चेहरे पुरणार नाहीत. याच जिल्ह्यात वडशाला झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, नेपथ्याची मंडळी आहेत. त्यांतल्या कुणी तीस-चाळीस पानांचा इथला जोड रंगवला, तर तो बचतगटाच्या बैठकीत मांडता येईल. स्वाराला मोटरसायकल द्यावी, हुजऱ्याच्या पाठीवर आश्रमशाळेचं दप्तर. आणि घरजावयाचं पान सर्वांत आधी रंगवावं, कारण त्याची बाजू घरात कुणी विचारत नाही.