सुलतान बाजार ते नरसिंगी : हैदराबादचा छताखालचा सायकलमार्ग

हैदराबादच्या पश्चिम कडेला, आउटर रिंग रोडला लागून, २३ किलोमीटर लांबीचा एक सायकलमार्ग आहे. मोटार, ऑटो, स्कूटर यांना त्यावर मज्जाव आहे आणि वर सौर पॅनलांचे छत आहे. ‘हेल्थवे’ हे त्याचे अधिकृत नाव. ६ सप्टेंबर २०२२ रोजी कामाची पायाभरणी झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी मार्ग लोकांसाठी खुला झाला. हैदराबाद महानगर विकास प्राधिकरण आणि त्याच्या अखत्यारीतली हैदराबाद ग्रोथ कॉरिडॉर लिमिटेड यांनी तो उभारला. वाहनांची धास्ती न बाळगता सलग तासभर सायकल चालवावी, अशी जागा या महानगरात त्याआधी जवळजवळ नव्हती.

मार्गाचे दोन फाटे आहेत. नानकरामगुड्याहून तेलंगण राज्य पोलिस अकादमीपर्यंत जाणारा फाटा साडेआठ किलोमीटरचा. त्याला गुलाबी म्हणतात. नरसिंगीहून कोल्लूरपर्यंतचा निळा फाटा साडेचौदा किलोमीटरचा. नरसिंगीच्या परिसरात दोन्ही जवळ येतात, त्यामुळे तिथून निघणाऱ्याला दक्षिणेकडे जावे की वायव्येला, हे ऐनवेळी ठरवता येते. रुंदी साडेचार मीटर, म्हणजे सायकलींच्या तीन रांगा. दोन्ही अंगांना मीटरभर हिरवळीची पट्टी. लहान मुलाला मधे घेऊन आईवडील दोन बाजूंनी चालवू शकतात आणि मागून वेगाने येणाऱ्यालाही वाट उरते. रात्रीच्या उजेडाची सोय आहे, त्यामुळे दिवस मावळला तरी मार्ग बंद होत नाही.

छत केवळ शोभेसाठी नाही. त्यावरच्या पॅनलांची क्षमता १६ मेगावॅट आहे. खाली त्याची सावली पडते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो अशा शहरात तिचे मोल वेगळे सांगायला नको. दख्खनच्या उन्हात सकाळी आठनंतर उघड्या डांबरी रस्त्यावर सायकल चालवणे अंगावर येते. इथे तीच वेळ आणखी पुढे ढकलता येते. पावसाळ्यात उभ्या सरीपासूनही बचाव होतो, मात्र वाऱ्याने तिरपा झालेला पाऊस आत येतोच. ही कल्पना दक्षिण कोरियातून आली. तिथे देजॉन आणि सेजोंग या शहरांमधल्या महामार्गाच्या मधोमध सौर छताखाली सायकलमार्ग आहे. हैदराबादने तो मधोमध न आणता कडेला आणला, आणि हा बदल चांगला झाला. महामार्गाच्या मध्यात अडकलेल्या सायकलस्वाराला बाहेर पडायला भुयार किंवा पूल लागतो. कडेच्या मार्गावरून थेट सर्व्हिस रोडवर उतरता येते.

असा मार्ग याच ठिकाणी का झाला, याचे उत्तर जमिनीत आहे. १५८ किलोमीटर लांबीच्या आउटर रिंग रोडसाठी दोन्ही बाजूंची रुंद पट्टी आधीच ताब्यात घेतलेली होती. मुख्य रस्त्यावर दुचाकी आणि सायकली यांना बंदी आहे. पलीकडे सर्व्हिस रोडवर सगळी वाहने. या दोहोंमधली रिकामी पट्टी सायकलमार्गाला मिळाली. ती नसती तर नव्याने जागा घेणे कुणाच्याही आवाक्यातले नव्हते. मार्ग खुला होण्याच्या दोनच महिने आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, शेजारच्या कोकापेटमधल्या सरकारी लिलावात एका भूखंडाला एकरी शंभर कोटी रुपयांहून अधिक बोली लागली होती.

कोकापेटच्या उंच इमारती मागे टाकल्या की निळ्या फाट्यावरून शहर थोडे सैल होते. पण खरा निसर्ग आहे तो दुसऱ्या बाजूला, गंडीपेटकडे. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर येऊन हैदराबादचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर पूर अडवण्यासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुसीवर उस्मानसागर बांधला गेला. तो १९२० मध्ये पूर्ण झाला. गंडीपेट हे त्याचे बोलीतले नाव. पाठोपाठ ईसी नदीवर हिमायतसागर झाला. या दोन तलावांचे पाणी बिघडू नये म्हणून १९९६ मध्ये सरकारने आदेश क्रमांक १११ काढला आणि पाणलोटातल्या ८४ गावांत मोठ्या बांधकामांना आळा घातला. आदेशावरून पुढे वाद खूप झाले. तरी त्याच्यामुळेच चिलकूर, मोईनाबाद या भागात शेते, आमराया आणि ग्रॅनाइटचे एकावर एक तोललेले प्रचंड दगड इतकी वर्षे टिकले. हैदराबादचे सायकलस्वार गंडीपेटचा बांध, चिलकूरचा बालाजी, मोईनाबाद अशी सकाळची फेरी मारतात ती याच मुलखातून. हेल्थवेचा गुलाबी फाटा या मुलखाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडतो आणि तिथेच संपतो.

याच जागी फ्रान्सशी तुलना उपयोगी पडते, कारण वाहनमुक्त सायकल प्रवासाचा मोठा आणि पसरलेला अनुभव त्या देशाकडे आहे. १९९७ मध्ये बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्ल्युनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून तिथे ४४ किलोमीटरचा सायकलमार्ग केला गेला. फ्रेंच लोक अशा मार्गाला ‘व्वा व्हेर्त’ म्हणतात. तिथे पायी चालणारे आणि सायकलस्वार यांना प्रवेश, मोटारवाहनांना नाही. रेल्वेला चढ झेपत नाही, म्हणून जुन्या रेल्वेवाटेचा चढ सौम्य असतो आणि साठी उलटलेल्या माणसालाही दिवसभर सायकल चालवता येते. कालव्यांचेही तसेच. सतराव्या शतकात खोदलेल्या कॅनाल द्यू मिदीच्या काठाने एके काळी नावा ओढणारे घोडे चालत; आज त्या काठाच्या मोठ्या भागावर सायकली चालतात. ल्वार नदीच्या कडेने जाणारा मार्ग तर सुमारे ९०० किलोमीटरचा आहे. तो सगळाच वाहनमुक्त नाही, बऱ्याच ठिकाणी गावातल्या शांत रस्त्यांवरून जातो. पण तो तुटत नाही. वाटेत गाव येते, गावात पाव मिळतो, मुक्कामाला खोली मिळते आणि थकलेल्या माणसाला सायकलसह चढायला स्थानिक रेल्वे मिळते.

हेल्थवेवर यांतले एकच मिळते, वाहनांपासून सुटका. मार्ग उत्तम बांधलेला आहे, पण तो कुठे पोहोचवत नाही आणि त्याच्यापर्यंत पोहोचणेही सोपे नाही. सुलतान बाजारच्या रहिवाशाला हे चांगलेच जाणवते. ब्रिटिश रेसिडेन्सीला लागून वाढलेला हा बाजार १९३३ मध्ये निजामाकडे परत आला आणि त्याला आजचे नाव मिळाले. मराठी ग्रंथ संग्रहालय या परिसरात १९२२ पासून आहे. हैदराबादच्या मराठी माणसाचे जुने घर याच भागात, काचीगुडा आणि बरकतपुऱ्याच्या आसपास. बाजाराची गल्ली मुळातच अरुंद. कापडाची दुकाने, कटलरीच्या हातगाड्या, उभ्या केलेल्या स्कूटरी आणि वर मेट्रोचा पूल, यांतून सायकल चालवण्याऐवजी ढकलतच न्यावी लागते. इथून नरसिंगीला जायचे तर मेहदीपट्टणम आणि लंगरहौजवरून अठरा-वीस किलोमीटरची वाट आहे, आणि ती पूर्णपणे बस, ऑटो, टँकर यांच्या संगतीत. परिणामी अनेक लोक मोटारीच्या मागे सायकल बांधून हेल्थवेवर येतात, दोन तास चालवतात आणि पुन्हा मोटारीने घरी जातात. ज्याच्याकडे मोटार नाही त्याला वाहनमुक्त मार्ग उपभोगायला आधी वाहनांशीच झुंजावे लागते.

मेट्रोने थोडी वाट सुकर होते. सुलतान बाजार स्थानक ७ फेब्रुवारी २०२० रोजी जेबीएस–एमजीबीएस या हिरव्या मार्गावर सुरू झाले. एमजीबीएसला उतरून लाल मार्गाने अमीरपेट आणि तिथून निळ्या मार्गाने रायदुर्ग गाठता येते. रायदुर्गहून नानकरामगुडा जवळ आहे. सायकल स्वतःची असेल तर रविवारी पहाटे, रस्ते जागे होण्याआधी, सुलतान बाजारातून निघणे सोयीचे. सोबत पाणी, पंक्चरचे साहित्य आणि हातपंप असावाच. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा हेल्थवेसाठी नव्हे, तिथपर्यंतच्या रस्त्यासाठी हवा. नवशिक्याने गुलाबी फाटा एका दमात जाऊन-येऊन करावा. सतरा किलोमीटर होतात. निळा फाटा जाऊन-येऊन २९ किलोमीटरचा आहे, त्याला सवय झाल्यावरच हात घालावा.

गुलाबी फाटा जिथे थांबतो, त्या पोलिस अकादमीच्या चौकातून चेवेळ्ळाकडे जाणारा जुना विजापूर रस्ता सुरू होतो. मन्नेगुड्यापर्यंत साधारण ४६ किलोमीटरच्या या पट्ट्यात दुतर्फा सुमारे ९०० वड उभे आहेत. निजामाच्या काळात प्रवाशांच्या सावलीसाठी लावलेले हे वृक्ष काही ठिकाणी रस्त्यावर दोन्हीकडून इतके झुकले आहेत की खाली भर दुपारी गारवा असतो. पारंब्या वाहनांच्या उंचीला छाटलेल्या, खोड दोन माणसांच्या कवेत न मावणारे. सौर पॅनलांच्या छताने जे करायचे तेच काम हे वड कितीतरी आधीपासून करीत आले आहेत. पण हा राष्ट्रीय महामार्ग आहे, अरुंद आहे, आणि त्यावर ट्रक व बस यांची वर्दळ असते, अपघातही होतात. चौपदरीकरणाचा प्रस्ताव आला तेव्हा झाडे वाचवण्यासाठी निसर्गप्रेमी हरित लवादापर्यंत गेले.

रुंदीकरणाची गरज खोटी नाही आणि वडांचे मोलही खोटे नाही. जिथे नवी वाहनवाट वडांच्या रांगांबाहेरून काढता येईल तिथे जुनी डांबरी पट्टी उखडू नये. ती सायकलींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवावी. फ्रान्सने बंद पडलेल्या रेल्वेचे जे केले ते इथे जुन्या रस्त्याचे करता येईल. तसे झाले तर नानकरामगुड्याहून निघालेला सायकलस्वार पोलिस अकादमीच्या चौकात माघारी न वळता वडांच्या सावलीतून चेवेळ्ळाच्या भाजीमळ्यांपर्यंत आणि पुढे मुसी जिथे उगम पावते त्या अनंतगिरीच्या डोंगरांच्या दिशेने जाऊ शकेल. महामार्ग प्राधिकरण आणि राज्य सरकार यांनी रस्त्याचे काम पूर्ण होण्याआधी ही मागणी विचारात घ्यावी, आणि हैदराबादच्या सायकलस्वारांनी ती आत्ताच लेखी मांडावी.