मेंदूचे दान, तेही जिवंतपणी

रक्तदान, नेत्रदान, देहदान हे शब्द आता खेड्यापाड्यांतही रुळले आहेत. आमच्या महागावात रक्तदानाचे शिबिर म्हटले, की तरुण मुले आपणहून नाव देतात. पण 'मेंदूच्या संशोधनासाठी माणसे हवी आहेत' असे कोणी सांगू लागला, तर ऐकणाऱ्याचा हात आधी स्वतःच्या डोक्याकडे जाईल! शॉक देतील, सुई टोचतील, माणूस येडा होऊन परत येईल, अशा शंका निघतील. त्यांना हसण्यात अर्थ नाही. मात्र तिथे प्रत्यक्ष काय करतात, हे एकदा नीट पाहायला हवे.

बहुतेक वेळा काम अगदी साधे असते. सांगितलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणायचे, विखुरलेल्या वर्तुळांतले अंक ओळीने जोडायचे, ऐकलेली गोष्ट थोड्या वेळाने पुन्हा सांगायची. कधी डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख काढतात. त्या तारा वीज देत नाहीत, नुसती टिपून घेतात. कधी एमआरआयच्या बोगद्यात निश्चल पडून राहावे लागते. तिथे क्ष-किरण नसतात, मोठा लोहचुंबक असतो आणि खडखडाट फार. औषध देऊन पाहणारे अभ्यासही असतात. त्यांची जोखीम वेगळी आणि नियमही अधिक कडक.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या बायांनी काय खाल्ले ते सांगितले, रक्त दिले. मुले झाली, त्यांचीही मोजमापे होत राहिली. ती नऊ वर्षांची झाल्यावर त्यांतल्या काहींच्या स्मृतीच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्या घेतल्या. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, त्या मातांची मुले यांतल्या काही चाचण्यांत मागे पडलेली दिसली. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस यांतून मिळते. भाकरी आणि भाजीतून नाही. २०१२ साली याच पिढीला, ती आईबाप होण्याआधी, ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. आजीने दिलेल्या रक्ताचा उपयोग असा नातवंडांपर्यंत पोहोचला.

तिकडे कर्नाटकात, कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा या आंब्यांच्या तालुक्यात, बंगळुरूच्या मेंदू संशोधन केंद्राने पंचेचाळिशीपुढच्या १०,००० ग्रामस्थांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्याचे काम हाती घेतले आहे. म्हातारपणी कोणाची स्मृती टिकते आणि कोणाची जाते, हे शहरी आणि परदेशी माणसांवरून ठरवले, तर उन्हात राबलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला ते कितपत लागू पडेल? खेड्यातला माणूस अभ्यासात नसेल, तर त्याचे दुखणे पुस्तकात येणार तरी कसे?

हा प्रश्न आमच्या घरी वेगळ्याच रूपात आला. पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने फोनवर विचारले, "मामा, स्मरणशक्तीच्या एका अभ्यासासाठी आजीचं नाव देऊ का?" आईचे वय चौऱ्याऐंशी. अलीकडे ती फार विसरते. मी तिला सारे समजावून सांगितले. ती म्हणाली, "कोनाच्या कामी येत असंन, तं जाऊ दे. देऊन टाक नाव." दुसऱ्या दिवशी विषय काढला, तर म्हणते, "कोनतं नाव? कायचा अभ्यास?" पुन्हा सारे सांगितले. उत्तर तेच आले. पण कालचा होकार जिला आठवत नाही, तिचा होकार धरायचा का?

हा पेच जगात याआधीही पडलेला आहे. अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, फेफऱ्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. झटके कमी झाले; पण नवे काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या संशोधिका वर्षानुवर्षे त्यांना भेटत होत्या, आणि प्रत्येक भेट त्यांना पहिलीच वाटे. आरशात पाहून चांदणी गिरवायचे काम मात्र त्यांचा हात दिवसागणिक अधिक सफाईने करू लागला. आपण ते आधी केले आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते! हाताची आठवण वेगळी आणि प्रसंगाची वेगळी, हे जगाला त्यातून कळले. २००८ साली त्यांचे निधन झाले. इतक्या वर्षांच्या त्या संशोधनाला त्यांची संमती कोणी आणि कशी दिली, यावर पुढे वाद झाला.

आज आपल्याकडे नियम आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माहितीपत्रक सहभागी माणसाच्या भाषेत हवे. वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार हवा. ज्याला स्वतः निर्णय घेता येत नाही, त्याच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधी संमती देऊ शकतो. तरी त्या माणसाची स्वतःची मर्जी पाहावीच लागते. कोणत्याही क्षणी, कारण न देता, बाहेर पडता येते आणि त्यापायी उपचार अडवता येत नाहीत. संशोधनामुळे इजा झाली, तर उपचार मोफत.

तेव्हा भाच्याला मी चार प्रश्न लिहून पाठवले आहेत. नैतिक समितीची मंजुरी आहे का? तपासणीत काही गंभीर आढळले, तर आम्हाला कोण सांगणार? नाव गुप्त राहील का? प्रवासाचा खर्च कोणाकडे? आणि माझी एक अटही आहे. प्रत्येक वेळी आधी आईला विचारायचे. ज्या दिवशी ती मान हलवून नाही म्हणेल, त्या दिवशी काम बंद.

वाचकहो, तुमच्याही घरी असे बोलावणे आले, तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हा उपचार नव्हे. माझ्या आईचे विसरणे याने थांबणार नाही. रक्त दिले, तर निदान बाटली भरलेली दिसते; इथे दोन-चार तास द्यायचे आणि हाती काही न घेता परतायचे. फळ आले, तर ते बहुधा दुसऱ्याच कोणाच्या नातवंडांना. हे ठाऊक असूनही जो हो म्हणतो, त्याच्या त्या कृतीला दान म्हणावे. न सांगता, न विचारता घेतले, तर त्याला दुसरा शब्द आहे.