उतारा नेमकं काय सांगतोय?

आज उताऱ्यातली मध्यवर्ती कल्पना कशी शोधायची ते बघू. आपल्याच भागावर मी एक छोटा उतारा लिहिलाय, ऐका:

‘१२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचं पानशेत धरण फुटलं. त्याचं काम अजून पूर्ण व्हायचं होतं. पाण्याचा लोंढा खालच्या खडकवासला धरणात आला आणि तेही फुटलं. मग मुठेचा पूर पुण्यात शिरला.’

उतारा कशाबद्दल आहे? ‘पानशेत’ हा झाला फक्त विषय. त्या विषयाबद्दल काय सांगितलंय, ते एका पूर्ण वाक्यात म्हणा: पानशेत फुटल्यामुळे खडकवासला फुटलं आणि पुण्यात पूर आला. ही मध्यवर्ती कल्पना.

शाळेत मी आधी तारखेखालीच रेघ मारायचो! आता एकेक तपशील झाकून बघतो. नदीचं नाव झाकलं तरी मुद्दा उभा राहतो. खडकवासल्याचं वाक्य झाकलं, तर मधली कडीच तुटते. म्हणजे मुद्द्याला खरा आधार त्याच वाक्याचा.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही बरं का. पावसाळ्यात भोरजवळच्या भाटघर धरणातून पाणी सोडणार, असा मेसेज येतो. आपण किती क्युसेक तेवढं वाचतो आणि फॉरवर्ड करतो. खरा मुद्दा शेवटच्या ओळीत असतो: नदीपात्रात उतरू नका, जनावरं आणि मोटारी वर काढा.

म्हणून पुढचा मेसेज पाठवण्याआधी त्याचं एक वाक्य करा. तेच घरच्यांना आधी सांगा. भेटू पुढच्या भागात!